टीमला मोकळीक दिली तरी माणसं विचारायलाच येतात, काय करावं?

तिसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज गरजेपोटी धागा काढतोय. चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत टूल डिझाइनला आहे, म्हणजे वेल्डिंगची फिक्स्चर (काम होताना पार्ट जागेवर पकडून ठेवणारे साचे), जिग, गेज असलं सगळं. आमचे आधीचे साहेब रिटायर झाले आणि सेक्शन माझ्याकडे आलं. साहेब कामाला वाघ होते यात वाद नाही, पण साधा एम-सहाचा बोल्ट एम-आठ करायचा तरी त्यांची सही लागायची, आणि ते टूरवर असले की ड्रॉइंग तसंच पडून राहायचं.

मी आल्याआल्या सांगून टाकलं की ड्रॉइंग तुमचं, निर्णय तुमचा, अडलं तरच या. मला वाटलं पोरं खूश होतील. झालं काय तर निम्मे लोक अजून केबिनच्या दारात, 'सर हे चालेल ना?' एक सीनिअर आहेत, हात इतका तयार की फिक्स्चर बघून सांगतात कुठे जॉब अडकणार, ते तर स्पष्टच म्हणाले की मला काय करायचं ते सांगा, मी करून देतो, नसता डोक्याला ताप नको.

आणि एक डिप्लोमावाला पोरगा मात्र सुटलाय. आमच्या एका मिग वेल्डिंगच्या फिक्स्चरवर लोकेटिंग पिनवर (पार्ट नेमक्या जागी बसवणारी पिन) स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले थेंब, बसायचा, जॉब म्हणजे तो पार्ट निघायचा नाही, ऑपरेटर हातोडी मारून काढायचा, पिन वाकायची, असं किती वर्षं चाललेलं. हा सेकंड शिफ्टला लाइनवर जाऊन नुसता उभा राहून बघत बसला, ऑपरेटरशी बोलला आणि वेल्ड संपला की सिलिंडरवर खाली सरकणारी पिन बसवली, वरून एक छोटं कव्हर. हातोडी बंद. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. पण आता तो रात्री दहा-दहापर्यंत थांबतो, रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर स्केच पाठवतो, घरचे ओरडतात म्हणे. मला कौतुकही वाटतं आणि भीतीही वाटते.

त्यात वरून फतवा निघालाय की इनोव्हेशन वाढवा, माणशी महिन्याला दोन कायझेन शीट, म्हणजे केलेल्या छोट्या सुधारणेचे कागद, आल्याच पाहिजेत.

तर मोकळीक दिली की माणसाला कामाची ओढ लागते, नवीन सुचतं असं जे म्हणतात ते खरंय का, की ज्याच्यात मुळात आग आहे त्याचीच दिसते? आणि त्या सीनिअर काकांचं काय करू? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

कंटाळलेला_कोडर

अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही घ्या.

आमच्या आयटीत 'ओनरशिप घ्या' असं कोणी म्हणालं की समजायचं, माणूस वाढवून मिळणार नाही आणि डेडलाइन हलणार नाही. निर्णय माझा, पण टूल कुठलं विकत घ्यायचं ते प्रोक्युरमेंटवाले ठरवणार, कधी संपवायचं ते क्लायंट ठरवणार, फसलं की मेलमध्ये नाव मात्र माझं. तुमच्या दारात जे लोक येतात ना ते भित्रे नाहीत, ते हिशेबी आहेत. जुन्या साहेबांच्या काळात फिक्स्चर चुकलं तर सही साहेबांची होती. आता चुकलं तर काय होणार हे तुम्ही त्यांना सांगितलंय का? नसेल सांगितलं तर ते विचारायला येणारच.

मोकळ्या वेळाची उदाहरणं सगळे देतात म्हणून मीच आधी देतो. गूगलने २००४ ला शेअर बाजारात येताना संस्थापकांच्या पत्रात लिहिलं होतं की लोकांनी २० टक्के वेळ स्वतःला योग्य वाटेल त्या कामावर घालवावा, गूगल न्यूज आणि अ‍ॅडसेन्स त्यातून आलं वगैरे. पुढे तिथलेच लोक म्हणायला लागले की हे २० टक्के नाही, १२० टक्के आहे, कारण नेहमीचं काम कोणी कमी केलंच नाही.

थ्रीएमवाले जास्त जुने, त्यांचा १५ टक्क्यांचा नियम १९४८ पासूनचा. पोस्ट-इटचा गोंद त्यांच्या सिल्व्हर नावाच्या माणसाला १९६८ ला सापडला, धड न चिकटणारा गोंद, कोणालाच काय करायचं कळेना. १९७४ ला आर्ट फ्राय नावाच्या दुसऱ्या माणसाच्या चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडायचे म्हणून त्याला तो गोंद आठवला, आणि अमेरिकाभर माल विकायला लागले १९८० ला. बारा वर्षं झाली की हो. आणि तुमचं मॅनेजमेंट महिन्याला दोन शीट मागतंय.

तुमच्या त्या पोराला हे स्केचचे तास कुठून मिळतायत? कंपनीच्या वेळातून तर नाहीच. त्याच्या रात्रीच्या जेवणातून मिळतायत. हे आधी थांबवा.

मनमोकळी_मास्तरीण

धागा आवडला. मी मॅनेजमेंटच्या पोरांना ऑर्गनायझेशनल बिहेवियर शिकवते त्यामुळे थोडं पुस्तकी बोलेन, सांभाळून घ्या.

हॅकमन आणि ओल्डहॅम या दोघांनी १९७५-७६ च्या सुमारास मांडलेलं एक मॉडेल आहे, कामात वैविध्य किती, काम अख्खं आपलं आहे का तुकडा, त्याचा कोणाला उपयोग होतो का, स्वतः ठरवायची मुभा किती, आणि झालेलं काम कसं झालं हे कळतं का, या पाच गोष्टींवर माणूस कामात किती रमतो ते अवलंबून असतं असं. यात गंमत अशी की पहिल्या तिन्हींची त्यांनी सरासरी घेतलीय आणि मुभा आणि फीडबॅक यांनी तिला गुणलंय. सरासरीत एक गोष्ट कमी असली तर दुसरी भरून काढते, गुणाकारात तसं होत नाही, एक शून्य आलं की सगळं शून्य. आता हे गणित प्रत्यक्ष आकड्यांवर तंतोतंत बसतं का यावर नंतर बरीच चर्चा झालीय, पण विचार म्हणून पक्कं आहे.

तुमची पोस्ट मी त्या नजरेने परत वाचली. मोकळीक तुम्ही सगळ्यांना सारखी दिलीत. पण पिन अडकतेय, ऑपरेटर हातोडी मारतोय हे फक्त एकानेच जाऊन पाहिलं. बाकीच्यांना त्यांनी काढलेलं फिक्स्चर लाइनवर कसं चाललंय हे कोण सांगतं? माझा अंदाज आहे की ब्रेकडाउन झालं की शिवी येते आणि नीट चाललं की काहीच येत नाही. मग 'चालेल ना?' हे तुम्हालाच विचारणार ना बिचारे, दुसरं कोणी उत्तर देणारं आहेच कुठे.

सीनिअर काकांबद्दल: त्याच मॉडेलमध्ये हेही आहे की नवीन शिकायची, वाढायची भूक सगळ्यांना सारखी नसते, ज्याला ती कमी त्याच्यावर मोकळीकीचा परिणामही कमी. पण मला वाटतं इथे दुसरंच काहीतरी आहे. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांचं जे काम आहे त्यात स्वायत्तता म्हणजे एकट्याने करणं नव्हे, मनापासून पटून करणं. दुसऱ्याने सांगितलेलं कामसुद्धा का करायचं ते पटलं असेल तर माणूस स्वतःचं समजून करतो. काकांना 'तुम्ही ठरवा' म्हणण्याऐवजी 'हे असं का करतोय' एवढं सांगून बघा, आणि दुसऱ्यांची ड्रॉइंग बघायला द्या. जो माणूस फिक्स्चर बघून सांगतो कुठे अडकणार, त्याला कोऱ्या कागदासमोर कशाला बसवायचं?

कायझेन शीटला बक्षीस लावणार असतील तर एक जुना प्रयोग सांगते. डेसीने १९७१ ला छापलेला. कॉलेजच्या मुलांना सोमा नावाचं ठोकळ्यांचं कोडं दिलं, काहींना मधल्या एका सत्रात सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला, आणि शेवटच्या सत्रात पैसे बंद. मध्ये काहीतरी निमित्त काढून तो ८ मिनिटं खोलीबाहेर जायचा, खोलीत मासिकं पडलेली, मुलं काय करतात ते गुपचूप बघायचं. ज्यांना पैसे मिळाले होते ती पैसे बंद झाल्यावर कोड्याला आधीपेक्षा कमी हात लावायला लागली. याचा अर्थ पगारवाढ देऊ नका असा काढू नका हां (एचआरवाले नेमका तोच काढतात), पगार वेगळा. जे आपसूक होत होतं त्याच्यावर रेट लावला की ते रेटचं काम होतं एवढंच.

आणि तुमचा पोरगा. कॅनडातल्या व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ ला कामाच्या ध्यासाचे दोन प्रकार मांडले. एकात माणूस काम आवडतं म्हणून करतो आणि बाजूलाही ठेवू शकतो, दुसऱ्यात काम माणसाला धरून ठेवतं, सोडलं की अपराधी वाटतं, घरी भांडणं होतात. बाहेरून दोघं सारखेच हुशार आणि मेहनती दिसतात म्हणून बॉसला फरक कळत नाही. त्याला एकदा शांतपणे विचारा की रविवारी स्केच पाठवलं नाही तर काय होईल असं वाटतं. उत्तर 'काही नाही सर, सुचलं म्हणून पाठवलं' असं आलं तर ठीक आहे. 'नाही पाठवलं तर तुम्हाला वाटेल मी थंडावलो' असं आलं तर त्याच्यावर तुमच्या कौतुकाचंच ओझं आहे.

खुशालचेंडू

+१, वाखूसा (वाचनखूण साठवली).

कोणीतरी आता डबेवाल्यांचं उदाहरण देणार म्हणून आधीच पळतो.

जुना_फिटर

खुशालचेंडू, मीच देणार होतो, राहू दे आता.

भावा, मी पिंपरीला आयुष्य काढलं, टूलरूममध्येच, त्यामुळे तुझ्या पिनचं दुःख कळतं. तुला एक वेगळी गोष्ट सांगतो कारण वर सगळे मोकळीक मोकळीक करतायत आणि आपलं काम तसं नाही. आपल्याकडे कटाकटी मिलिमीटरची असते.

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट म्हणून गाव, तिथे जनरल मोटर्सचा कारखाना होता, इतका बदनाम की १९८२ ला बंदच केला. लोक कामावर यायचेच नाहीत, २० टक्क्यांच्या वर गैरहजेरी. दोन वर्षांनी १९८४ ला टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना परत सुरू केला, नुम्मी नावाने. माणसं बहुतेक तीच जुनी, युनियनही तीच. आणि गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली, गाड्याही एक नंबर निघायला लागल्या. आता ऐक, काम काय मोकळं केलं होतं का? उलट. प्रत्येक हालचाल लिहिलेली, कुठला हात आधी, कुठला पाय कुठे, मिनिटभराची सायकल. जुन्या कारखान्यापेक्षा जास्त बांधलेलं. फरक एवढाच की जुन्या जागी इंजिनिअर स्टॉपवॉच घेऊन यायचा आणि ठरवून जायचा, इथे स्टॉपवॉच कामगारांच्याच हातात. ते आपसात एकमेकांचं काम मोजायचे, कोणाची पद्धत बरी ते ठरवायचे, ते लिहून ठेवायचे आणि मग सगळे तसंच करायचे. उद्या कोणाला त्याहून बरं सुचलं की परत बदलायचं. आणि अँडनची दोरी. काही चुकतंय असं दिसलं की कोणीही ओढायची. ओढली की लाइन लगेच थांबत नाही, टीम लीडर धावत येतो, ठरलेल्या रेषेपर्यंत सुटलं नाही तरच थांबते. मुख्य म्हणजे ओढली म्हणून कोणी खाऊ की गिळू करत नाही.

म्हणून तू जे म्हणालास ना, ड्रॉइंग तुमचं निर्णय तुमचा, ते जरा जास्तच ढोबळ झालं. माणसाला कुठपर्यंत माझं आणि कुठून पुढे साहेबाचं हे कळलं पाहिजे. एक कागद घे. क्लॅम्प कुठला, हँडलची उंची, पिनचं मटेरियल, स्पॅटरचं कव्हर, अमुक रुपयांपर्यंतची बाहेरची खरेदी, हे डिझाइनरचं, तुला विचारायचंच नाही, विचारायला आला तर परत पाठव. डेटम (जिथून सगळी मापं धरतात ते), कस्टमरने पास केलेली प्रोसेस, सेफ्टी इंटरलॉक, याला तुझी सही. भिंतीवर लाव. बघ दारातली गर्दी कमी होते का.

कायझेन शीटचं मी काय सांगू, आमच्याकडे टार्गेट लागलं तेव्हा एकेका माणसाने झाडूला नवीन हुक ठोकला, मग दुसऱ्या महिन्यात हुक दुसऱ्या भिंतीवर ठोकला. दोन शीट झाल्या. फोटोसकट.

फळा_खडू

जुना_फिटर काका, हुकवर फुटलो 😄 आमच्याकडे हुकच्या जागी तोरण असतं.

मी झेडपीच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे फॅक्टरीचं काही कळत नाही, पण धाग्यातलं दुखणं ओळखीचं निघालं. सातारा जिल्ह्यात कुमठे बीट (शाळांचा एक गट) आहे, तिथल्या शाळांत शिक्षकांनी ज्ञानरचनावादाने शिकवायला सुरुवात केली, पोरं जमिनीवर बसून फरशीवर काढलेल्या तक्त्यांवर, दगड-बिया घेऊन आपापली शिकतायत असं ते चित्र होतं. राज्यभरातून शिक्षक बघायला जायचे. मग २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर आला, त्यात शिक्षकाने कसं शिकवायचं ते त्याने ठरवावं, मूल शिकलं पाहिजे, असा सूर होता. माझ्यासारख्याला ते फार भारी वाटलं होतं, खरंच सांगतो.

पण मग झालं असं की कुमठ्याला जाऊन आलेले लोक फरशी बघून आले. आमच्या तालुक्यात धडाधड फरश्या रंगल्या, पेंटर लावून, लोकवर्गणीतून. तिथल्या बाईंनी ती आकृती का काढली, पोरांचं कुठे अडत होतं म्हणून काढली, ते रंगाबरोबर थोडंच येतं? आणि वरून विचारणा सुरू, रचनावादी वर्ग किती झाले, फोटो टाका. म्हणजे मोकळीकीचाच रकाना झाला.

मात्र सगळंच वाया गेलं असं कोणी म्हणू नये. आमच्या शाळेत एक मॅडम आहेत, त्यांनी फरशी रंगवली नाही, पण पहिलीच्या पोरांना वजाबाकी शिकवायला गावातल्या किराणा दुकानाचं उधारीचं वही-खातं आणलं. पोरांना आपल्याच घरची नावं दिसली, कोणाचे किती राहिले म्हणून असे भांडायला लागले की काय विचारता. नंतर पालक भांडायला आले तो भाग वेगळा, नावं खोडून झेरॉक्स काढावी लागली. पण मुख्याध्यापक त्यांच्या मागे उभे राहिले, 'मी बोलतो पालकांशी, तुम्ही वर्ग घ्या' एवढंच म्हणाले. त्यानंतर बाकीच्यांनीही आपापलं काय काय सुरू केलं. जीआरने जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं आमच्याकडे.

वेळाचं म्हणाल तर कोडरसाहेबांशी सहमत. मतदार याद्या, ऑनलाइन माहित्या, बँकेच्या फेऱ्या, यातून जो वेळ उरतो त्यात सर्जनशील व्हायचं असतं.

हेमा_नेदरलँड्स

इथे नेदरलँड्समध्ये आमच्या शेजारी एक आजी राहतात, त्यांच्याकडे ब्युर्टझोर्गच्या नर्स यायच्या, म्हणून मला यातलं थोडं माहितीय. योस द ब्लोक म्हणून स्वतः नर्स असलेल्या माणसाने २००६ ला सुरू केलेली संस्था. घरी जाऊन शुश्रूषा करतात. जास्तीत जास्त १२ नर्सची एक टीम, टीमला मॅनेजर नाहीच. कोण कोणाकडे जाणार, रजा, नवीन माणूस घेणं, ऑफिस कुठे भाड्याने घ्यायचं, सगळं तेच ठरवतात. आज दहा हजारांच्या वर नर्स आहेत आणि मागचं ऑफिस तेवढ्या मानाने अगदी छोटं.

आधी इथे असं होतं की इंजेक्शनला इतकी मिनिटं, पट्टी बदलायला इतकी, आणि प्रत्येकासाठी वेगळी बाई. आता तीच नर्स येते, आजींबरोबर कॉफी पिते, हळूच विचारते की मोजे घालताना वाकता येतं का, मग ठरवते. ज्या दिवशी आजी स्वतः मोजे घालायला लागल्या त्या दिवशी ती नर्स जितकी खूश झाली तितक्या आजीपण झाल्या नसतील.

पण इथेही 'बॉस नाही म्हणजे मज्जा' असं अजिबात नाही. टीममध्ये भांडणं होतात, आणि भांडण मिटवायला वर कोणी नाही. कोच असतो, पण तो निर्णय देत नाही, तुम्हीच बसून मिटवा म्हणतो. नवीन टीमला मीटिंग कशी घ्यायची, एकमत कसं करायचं याचं ट्रेनिंग देतात. तिसरी_शिफ्ट, तुमच्या लोकांनी इतकी वर्षं कधी आपसात ठरवलेलंच नाही. तुमच्या केबिनमध्ये यायच्या आधी बाजूच्या टेबलावर जायचं हा रस्ताच त्यांना माहीत नसेल. काकांचं टेबल तो रस्ता होऊ शकतं, मास्तरीणबाई म्हणाल्या तसं.

तिसरी_शिफ्ट

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं.

जुना_फिटर काका, कागद केला, दोन रकाने, भिंतीवर लावला. पहिल्याच दिवशी दोघांत वाद झाला की हँडलची उंची सेफ्टीत येते का, आणि ते माझ्याकडे न येता सीनिअर काकांकडे गेले. काका वैतागले, पण उठून लाइनवर जाऊन बघून आले. दर शुक्रवारी अर्धा तास सगळ्यांनी आपापलं फिक्स्चर चालू असताना बघायला जायचं असं ठरवलंय, शिफ्टच्या वेळातच. शीटचं वरच्यांशी बोललो, दोन ऐवजी एक केली त्यांनी, काढली नाही.

पोराला विचारलं. तो म्हणाला 'सर, घरी बसून काय करू, रूमवर वायफाय पण नाही.' आता हे मास्तरीणबाईंच्या कुठल्या प्रकारात बसतं मला कळेना.

पण नवीन घोळ झालाय. क्वालिटीवाले पेटलेत. त्यांचं म्हणणं टूलिंग बदललं तर कस्टमरला कळवायला लागतं, पीपॅपचा (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची प्रक्रिया) प्रश्न येतो, पिन आमच्या परवानगीशिवाय कशी बसवली. सोमवारी मीटिंग आहे.

जुना_फिटर

क्वालिटीवाले चूक नाहीत. लोकेटिंग पिन डेटममध्येच आली ना रे, म्हणजे तुझ्या कागदावर ती सहीच्या रकान्यात. सरकणारी पिन म्हणजे गाइड बुशचा क्लिअरन्स आला, तेवढा जॉब हलणारच. रिपीटॅबिलिटी, म्हणजे दरवेळी जॉब तिथेच बसतो का, बघितली का कोणी?

तिसरी_शिफ्ट

बघितलीय, त्यानेच. जुन्या पिनवरचे आणि नव्या पिनवरचे तीस-तीस जॉब सीएमएमवर (मापं घ्यायच्या मशीनवर) लावले, हलतंय पण टॉलरन्सच्या बरंच आत, आणि वाकलेल्या जुन्या पिनपेक्षा कमीच हलतंय. तो रिपोर्ट मला न दाखवता त्याने थेट क्वालिटी हेडला मेल केला, म्हणून तर ते जास्त भडकलेत.

जुना_फिटर

मग मीटिंगला त्यालाच ने. बोलू दे त्याला, शिव्या तू खा. आणि सीएमएमचे प्रिंट काढून ने, लॅपटॉपवर दाखवू नकोस, क्वालिटीवाल्यांना सही करायला कागद लागतो.